टोपीच्या मागे कोण?

कुतैसीच्या पोस्टात रांग दिसत नाही,
ती लोकांच्या डोक्यात असते.
आत आलेला माणूस बूट झटकतो, विचारतो,
"शेवटचं कोण?"
कुणीतरी हात वर करतं. झालं.
मग तुम्ही खुशाल पाव आणायला जा,
दाढ काढून या,
जागा शेजारच्याच्या आठवणीत राखलेली असते.

तीन नंबरच्या खिडकीत बसून
एकवीस वर्षं मी ही न दिसणारी रांग बघतेय.

त्या मंगळवारी मात्र रांगेत एक टोपी होती.
करडी, लोकरीची, एका कानाची नाडी तुटलेली,
खुर्चीवर अशी बसलेली की
खाली माणूस असावा आणि जरा जास्तच खचला असावा.

लमारा आली सगळ्यात आधी.
"शेवटचं कोण?"
कुणीच बोलेना, कारण कुणीच नव्हतं.
तिनं टोपीकडे पाहिलं, मान डोलावली,
आणि टोपीच्या मागे उभी राहिली.
लमाराच्या मागे भूमितीचे निवृत्त मास्तर गुराम,
त्यांच्यामागे जुळ्यांची आई,
मग वाझा, बायकोला बोलोन्याला पाठवायची
आलुबुखाराच्या चटणीची बरणी काखेत घेऊन,
मग आणखी आठ जण.

कॉम्प्युटर अकराला जागा झाला.
मी म्हटलं, "पुढे या."
कुणी हललं नाही.
"आधी ते," लमारा म्हणाली.
"ते कोण?"
"टोपीवाले."

वाझा भडकला. "टोपीला काय मनीऑर्डर करायचीये?"
"माणूस येईल."
"कधी? ईस्टरला?"
मास्तर म्हणाले, मुद्दा असा आहे
की टोपी हा बिंदू धरायचा की रेषा.
त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.
जुळ्यांच्या आईनं टोपी उचलून हुंगली.
"तंबाखू. आणि कांदा. जिवंत आहे माणूस."
"अगं बाई," वाझा हात जोडून म्हणाला,
"टोपी गेली तर पहिला नंबर तुझाच! भांडतेस कुणासाठी?"

लमारानं पिशवी खाली ठेवली.
"त्र्याण्णव साली, पावाच्या रांगेत,
पोराला ताप होता, बघायला घरी गेले. पाच मिनिटं.
परत आले तर सगळे म्हणाले,
तू? तू नव्हतीसच.
माझ्या पुढचा, माझ्या मागचा, दोघंही.
टोपी असती माझ्याकडे, तर ठेवून गेले असते."

मी उगाच शिक्का पुसला.
वाझानं बरणी या काखेतून त्या काखेत घेतली.
मग जरा खालच्या आवाजात म्हणाला,
"पण वीस मिनिटं झाली आता..."

तेवढ्यात दार उघडलं.
टक्कल, टकलावर बर्फ, लाल झालेले कान.
"हुश्श! इथंच आहे होय!
काल विसरून गेलो, रात्रभर शोधतोय."

काल.
बारा माणसं कालच्या टोपीमागे उभी होती.
कुणी कुणाला टोपी घातली, ठरवणं कठीण होतं.
वाझाच्या तोंडून असा आवाज निघाला
की मला वाटलं बरणी फुटली.

लमारानं शांतपणे विचारलं,
"काल काम झालं होतं तुमचं?"
"कुठलं! कॉम्प्युटर बंद होता."
"मग नंबर तुमचाच," ती म्हणाली,
आणि बाजूला सरकली.

अंबाको त्याचं नाव. एक तिकीट हवं होतं, सगळ्यात स्वस्तातलं.
त्यानं पन्नासची नोट दिली. सुटे नव्हते.
बारा जणांनी खिसे उलटे करून चिल्लर जमवली,
सगळ्यात जास्त वाझानं, दात ओठ खात.

वाझाची बरणी मी घेतली नाही. पातळ पदार्थ चालत नाहीत.
त्यावर तो काय बोलला ते इथं नको.

संध्याकाळी झाडू मारताना
त्याच खुर्चीवर एक हातमोजा दिसला,
बाईमाणसाचा, अंगठ्याला रफू केलेलं.
विसरली की ठेवून गेली, कोण जाणे.
मी खुर्चीखालचं झाडलं,
मोजा होता तसाच ठेवला,
आणि दिवा मालवला.